चंदन-वंदन एका दिवसात: जोडगडांची चढाई कशी आखावी

साताऱ्याहून पुण्याकडे निघालं की महामार्गाच्या उजव्या अंगाला, थोडे आत, दोन गड शेजारी शेजारी दिसतात. एक चंदन, दुसरा वंदन, आणि मधे एकच खिंड. दोन्ही गड एका दिवसात आरामात होतात, घाई करावी लागत नाही. तरी पुष्कळ गट एकच गड करून परततात, किंवा दुसरा गड भर उन्हात, बाटल्या रिकाम्या झाल्यावर चढायला घेतात. पाय कमी पडतात म्हणून हे होत नाही. आखणी एका गडाची केलेली असते आणि दुसरा 'जमलं तर करू' म्हणून मागे जोडलेला असतो, म्हणून होतं.

जोडगडांची आखणी शिखरांवरून नव्हे, खिंडीवरून करायची. त्या दिवशी खिंड तुम्हाला तीनदा लागते: गावातून वर येताना, पहिला गड उतरल्यावर आणि दुसरा गड उतरल्यावर. या तीन वेळी घड्याळ किती हवं आणि पाणी किती हवं, हे घरीच ठरलं असेल तर बाकीचा दिवस सोपा जातो.

टप्पा १. आधी दिवस ठरवा

नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर हा सगळ्यात चांगला काळ. हवा कोरडी, आभाळ निवळलेलं, वाट पक्की. फेब्रुवारीतही जमतं, पण अकरानंतर ऊन बोचायला लागतं. मार्च ते मे या दोन गडांवर जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. चढावर सलग सावली नाही आणि कातळ तापतो.

पावसाळ्यात हिरवाई मोहात पाडते. पण जुलै-ऑगस्टमध्ये माथा धुक्यात बुडालेला असतो, पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि धुक्यात ढोरवाट कोणती, गडाची वाट कोणती, हे कळत नाही. पावसात जायचंच असेल तर एकच गड करा. दोन्हींचा हट्ट धरू नका.

ऑक्टोबर फसवा असतो. दिवस छान वाटतो, पण कुसळी गवत मांडीपर्यंत वाढलेलं असतं, त्यात वाट बुजते आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो.

तपासा: आदल्या संध्याकाळी आणि निघण्याच्या सकाळी हवामान खात्याचा अंदाज पाहा. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये असू द्या. उरूस किंवा यात्रेचा दिवस असेल तर गर्दीचा विचार करून तारीख बदला.

टप्पा २. नकाशावर एक तास बसा

हा तास सगळ्यांत जास्त टाळला जातो आणि दिवस बिघडतो तोही इथेच. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर किंवा मोबाइलमधल्या कोणत्याही समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) दाखवणाऱ्या नकाशावर चार बिंदू शोधा: पायथ्याचं गाव, खिंड, वंदनचा माथा, चंदनचा माथा. चारही ठिकाणांची उंची कागदावर लिहा.

इथे एक चूक हमखास होते. लोक सर्वांत उंच माथ्यातून गावाची उंची वजा करतात आणि 'एवढाच चढ' म्हणतात. पण पहिला गड उतरून खिंडीत आलात की दुसऱ्या गडाचा चढ पुन्हा नव्याने चढायचा असतो. समजा गावापासून पहिला माथा ४०० मीटर वर आहे, आणि खिंडीतून दुसरा माथा १५० मीटर वर आहे. तर दिवसाची चढाई ५५० मीटर झाली, ४०० नव्हे.

आता वेळ काढा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम मांडला, तो आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटर चालीला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. वरच्या उदाहरणात जाऊन-येऊन चाल ७ किलोमीटर धरली तर ८४ मिनिटं, आणि ५५० मीटर चढाची ५५ मिनिटं. एकूण १३९ मिनिटं. पण हा नियम सरावलेल्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. नेहमी चालणाऱ्या गटासाठी दीडपट करा. घरची मंडळी, मुलं, नवखे मित्र असा मिश्र गट असेल तर सरळ दुप्पट धरा. म्हणजे नुसत्या चालण्याचेच साडेचार तासांहून जास्त झाले. वर बसणं, जेवण आणि फोटो यांचा वेळ वेगळा.

मिश्र गटासाठी हिवाळ्यातलं वेळापत्रक साधारण असं धरावं:

पावणेसातला गावातून चालायला सुरुवात. पावणेआठला खिंड, पंधरा मिनिटं थांबा. नऊला वंदनचा माथा, तिथे सव्वा तास. अकराला पुन्हा खिंड, पुन्हा पंधरा मिनिटं. बाराला चंदनचा माथा, जेवण आणि विश्रांती धरून एक तास. दीडला खिंडीत तिसऱ्यांदा. सव्वादोनला गाव.

डिसेंबरात साताऱ्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे जवळजवळ चार तास हातात राखीव राहतात. ही राखीव वेळ कोणाचा पाय मुरगळला, वाट चुकली तर वापरायची आहे. सकाळी उशिरा उठून ती खर्चून टाकू नका.

सावध: वेळापत्रक फक्त मोबाइलमध्ये ठेवू नका. चिठ्ठीवर लिहून दोघांच्या खिशात ठेवा. एक प्रत घरी असू द्या, आणि 'चारपर्यंत फोन आला नाही तर चौकशी कर' असं एका माणसाला नावानिशी सांगून ठेवा.

टप्पा ३. माणसं आणि सराव

सहा ते दहा जणांचा गट सोयीचा. त्याहून मोठा गट असेल तर दोन भाग करून दोन म्होरके ठेवा.

सरावासाठी सातारकरांना लांब जायला नको. अजिंक्यतारा शहरातून पायी चढा, गाडीने नव्हे. पाठीवर दिवसभराच्या सामानाची सॅक हवी. वर पोचल्यावर दहा मिनिटांत श्वास पूर्ववत होत असेल आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येत नसतील तर तुम्ही तयार आहात. मांड्या भरून आल्या तर अजून दोन आठवडे रोज जिने चढा-उतरा. खरं तर उतरण्याचाच सराव जास्त हवा. जोडगडांवर उतार दोनदा येतो, आणि दुसऱ्या उताराला थकलेले गुडघे घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खडी-मातीच्या उतारावर, दगा देतात.

गुडघ्याचं, दम्याचं, रक्तदाबाचं, मधुमेहाचं दुखणं कोणाला आहे हे आधीच विचारून घ्या. चारचौघांत विचारलं तर कोणी सांगत नाही, एकेकट्याला फोन करा. ज्याला दमा आहे त्याचा पंप त्याच्याच खिशात हवा, दुसऱ्याच्या सॅकमध्ये नको.

टप्पा ४. सॅक भरणं

पाणी प्रत्येकी तीन लिटर. गडावर टाकी आहेत, पण त्या पाण्यावर भरवसा ठेवून निघू नका. थेट तर ते पिऊच नका. तीन लिटर एका मोठ्या बाटलीत न घेता एक-एक लिटरच्या तीन बाटल्यांत घ्या आणि प्रत्येकीला काम ठरवून द्या: पहिली गाव ते वंदन, दुसरी वंदन ते खिंड आणि जेवण, तिसरी चंदनची. चंदनची बाटली सॅकच्या तळाशी ठेवा. दुसऱ्यांदा खिंडीत येईपर्यंत तिचं झाकण उघडायचं नाही.

जलसंजीवनीची दोन पाकिटं हवीतच. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्ध्या ग्लासात पाकीट रिकामं करणं चूक आहे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

खायला दशम्या, थालीपीठ, शेंगदाण्याची कोरडी चटणी, काकडी, केळी, गूळ-शेंगदाणे. सकाळी चढण्याआधी तळलेलं नको, पोहे किंवा भाकरी-दूध बरं. साताऱ्याचे कंदी पेढे बरोबर असतातच. ते एखाद-दुसरा ठीक, पण गोडाने तहान वाढते, म्हणून उतरल्यावर मन भरून खा.

बाकीचं सामान थोडक्यात: टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट (लोकरी किंवा जाड विणीच्या कापडात कुसळं घुसतात आणि निघत नाहीत), विजेरी, शिट्टी, क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, जंतुनाशक मलम, वीसेक फूट दोरी, कचऱ्याची पिशवी.

बूट जुने आणि खाचा शाबूत असलेले हवेत. नवे बूट घालून थेट गडावर येणं ही फोड आणण्याची खात्रीची रीत आहे. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतारावर अंगठा बुटाला आपटून नख काळं पडतं.

सावध: अत्तर, सेंट, वासाचं तेल लावून येऊ नका. कड्याकपारींत आग्या मोहोळं असू शकतात आणि उग्र वासाने, धुराने, आरडाओरड्याने माशा उठतात.

टप्पा ५. गावापर्यंत

स्वतःच्या गाडीने जायचं तर महामार्गावरच्या भुईंजच्या बाजूने आत वळून किकलीमार्गे बेलमाचीला जाता येतं. दुसरी वाट कोरेगाव तालुक्याच्या बाजूने, बनवडी गावातून. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बेलमाचीची बाजू धरावी. एसटीने जायचं असेल तर आदल्या दिवशी आगारात जाण्याच्या आणि येण्याच्या, दोन्ही गाड्या विचारा. आतल्या गावांना फेऱ्या मोजक्या असतात, आणि जायची गाडी मिळाली म्हणजे परतीची मिळेलच असं नाही.

गाडी गावात विचारून लावा. कोणाच्या खळ्यात, गोठ्याच्या तोंडाशी किंवा शेताच्या वाटेवर नको.

वाट विचारण्याचीही पद्धत आहे. 'मामा, ही वाट गडावर जाते ना?' असं विचारलं की समोरचा माणूस चांगुलपणाने हो म्हणतो. जात तर तीही असते, पण वळसा घालून. त्याऐवजी 'मामा, गडाव जायला वाट कुठनं फुटती?' असं विचारा. मग ते हात करून झाड, विहीर, बांध अशा खुणा सांगतात. त्या खुणा लिहून घ्या. आणि किती जण वर चाललोय, कधी उतरणार, हेही त्यांना सांगून ठेवा. अडचणीत पहिली मदत गावातूनच येते.

टप्पा ६. गाव ते खिंड

निघताना मोबाइलवर मार्गाची नोंद सुरू करा आणि नंतर मोबाइल विमान मोडवर टाका. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, बॅटरी टिकते, आणि धुकं आलं तर हीच नोंद परतीची वाट दाखवते. नकाशा घरीच उतरवून घेतलेला हवा.

पहिली वीस मिनिटं मुद्दाम हळू चाला. बोलता येईल इतकाच वेग. सगळ्यांत सावकाश चालणारा माणूस म्होरक्याच्या लगेच मागे ठेवा, रांगेच्या शेवटी नको. शेवटी राहिला की पुढचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोचला की निघतात. त्याला विश्रांती मिळतच नाही. रांगेच्या शेवटी एक सरावलेला माणूस असावा आणि त्याच्या मागे कोणीही राहू नये.

ढोरवाटांपासून जपा. गुरांच्या वाटा उताराला आडव्या, एका पातळीत फिरतात आणि झुडपांत विरतात. दहा मिनिटं चालून उंची वाढत नसेल, जुन्या पायरीचा दगड, रंगाचा बाण किंवा माणसाच्या वावराची खूण दिसत नसेल, तर पुढे रेटू नका. शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत मागे या.

तपासा, खिंड पहिल्यांदा: माणसं मोजा. घड्याळ बघा. साडेआठ वाजून गेले असतील तर आज एकच गड, हे इथेच जाहीर करा. पायाला कुठे घासत असेल तर आत्ताच पट्टी लावा. फोड आल्यावर लावून उपयोग नाही.

सावध: 'दुसऱ्या गडाला लागेल' म्हणून पाणी किंवा डबे खिंडीतल्या झुडपात लपवून जाऊ नका. वानरं आणि गुरं पिशव्या फाडतात, आणि दुपारी नेमकी तीच बाटली हवी असते.

टप्पा ७. आधी वंदन

दोघांत वंदन उंच आहे आणि त्याचा चढ जास्त दमवतो. म्हणून तो सकाळी. सोपा गड आधी उरकून घ्यावा असं वाटतं, पण त्यात अवघड चढ बरोबर उन्हाच्या वेळेला येतो. ही या दोन गडांवरची सर्वांत मोठी चूक.

चढताना पाऊण तासाला पाच मिनिटं थांबा, उभ्यानेच. खाली बसून पंधरा मिनिटं घालवली की स्नायू थंड पडतात आणि उठताना जास्त त्रास होतो. पाणी तहान लागण्याची वाट न बघता घोट-घोट घ्या.

वर दरवाजांचे, वाड्यांचे अवशेष आणि टाकी आहेत. ढासळत्या भिंतींवर चढू नका, पडक्या बांधकामाच्या आत गर्दी करू नका. मोकळ्या दगडांखाली हात घालू नका. फुरसं या विषारी सापाला अशीच जागा आवडते. गवतातून जाताना काठी पुढे आपटत चाला. टाक्यांच्या कडेला शेवाळ असतं, मुलांना तिथे सोडू नका आणि टाक्यात उतरू देऊ नका. दर्ग्याच्या आवारात पादत्राणं काढा, आवाज कमी ठेवा.

माथ्यावरून वैराटगड, कल्याणगड, जरंडेश्वर आणि अजिंक्यतारा ओळखायचा प्रयत्न करा. मजा म्हणून तर कराच, पण दिशा पक्क्या होतात हा खरा फायदा. अजिंक्यतारा कोणत्या अंगाला आहे हे डोक्यात बसलं की खाली वाट चुकली तरी तुम्ही पुरते हरवत नाही.

सावध: ठरलेल्या वेळेला उठा. सव्वा तासाचे दोन तास इथेच होतात, आणि त्याची किंमत चंदनवर मोजावी लागते.

टप्पा ८. खिंडीतला निर्णय

दिवसातली सर्वांत महत्त्वाची पंधरा मिनिटं. सगळे येईपर्यंत कोणीही चंदनकडे पुढे जायचं नाही. मग चार प्रश्न:

१. साडेबारा वाजून गेलेत का?
२. कोणाकडे एक लिटरपेक्षा कमी पाणी आहे का?
३. कोणाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायात गोळे आहेत का? कोणी लंगडतंय का?
४. आभाळ भरून येतंय का, गडगडाट ऐकू येतोय का?

एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर चंदन आज नाही. मतदान घेऊ नका. मतदानात थकलेला माणूस भिडेपोटी हात वर करतो. नियम घरी ठरला होता, म्होरक्याने तो फक्त वाचून दाखवायचा.

गट फोडून 'ज्यांना यायचंय ते चला, बाकीचे इथे थांबा' हा मार्ग तेव्हाच, जेव्हा खाली उतरणाऱ्यांबरोबर वाट माहीत असलेला माणूस आहे. थकलेल्यांना एकटं खिंडीत बसवून जाऊ नये.

टप्पा ९. चंदन

चढ लहान आहे, पण पाय थकलेले असतात. वेग वंदनपेक्षा कमी ठेवा. वर जाऊन आधी सावली शोधा, मग जेवा. भरपेट नको, थोडं खा आणि थोडं उतरल्यावर खा. इथेही देवस्थान आणि दर्गा आहे. मांसाहार, मद्य नाही. चूल अजिबात पेटवायची नाही. हिवाळा सरता सरता गवत वाळून कोळ झालेलं असतं आणि एका ठिणगीने अख्खा डोंगर वणव्यात जातो. सिगारेटचं थोटुकही तितकंच घातक.

टप्पा १०. उतार

पडझड बहुतेक उतरतानाच होते. मुरमाड घसाऱ्यावर पाऊल आडवं टाका, गुडघे किंचित वाकलेले, पावलं लहान. पुढच्याच्या डोक्यावर दगड सुटू नये म्हणून दोघांत अंतर ठेवा, आणि दगड सुटला तर 'दगड!' म्हणून मोठ्याने ओरडा. धावत उतरणाऱ्या पोरांना म्होरक्याच्या मागेच ठेवा.

खिंडीत तिसऱ्यांदा माणसं मोजा. गाव दिसायला लागलं की सगळे सैल पडतात आणि जवळची वाट म्हणून शेतांतून सरळ खाली सुटतात. आलेल्याच वाटेने उतरा. गावात पोचल्यावर पहिला फोन घरी वाट बघणाऱ्याला, आणि सकाळी ज्यांना सांगून गेलात त्यांनाही उतरल्याचं सांगा.

काही बिघडलं तर

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून दोरी बांधू नका. अंगठी, कडं काढा. तो भाग काठीच्या आधाराने स्थिर करा, माणसाला चालवू नका, उचलून आणा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. साताऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे. साप ओळखण्यात किंवा मारण्यात वेळ घालवू नका.

माशा उठल्या तर हात झटकू नका. तोंड-मान कापडाने झाका आणि त्या जागेपासून दूर निघा. काटे लगेच खरवडून काढा. श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला तर थांबायचं नाही, दवाखाना.

उन्हाने माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर सावलीत आडवा करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

विजा होत असतील तर माथा, धार, एकटं झाड आणि टाक्याची कड सोडा आणि खाली सरका. लख्ख झाल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज धोक्याच्या अंतरात आहे.

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. नेटवर्क नसेल तर दोघे मिळून गावाकडे जा, एकटा माणूस पाठवू नका. जाणाऱ्याच्या हातात चिठ्ठी द्या: जागा, जखमीचं वय, काय झालं, किती वाजता झालं.

हीच पद्धत दुसऱ्या जोडीला

चंदन-वंदन व्यवस्थित जमले की वाईच्या बाजूचा केंजळगड आणि त्याच्या शेजारचा रायरेश्वर ही जोडी घ्या. तिथेही आखणी मधल्या खिंडीवरूनच. दोन फरक लक्षात ठेवा: केंजळगडाच्या माथ्याजवळ कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत आणि रायरेश्वरला लोखंडी शिडी आहे. दोन्ही ठिकाणी एका वेळी एकेक माणूस सोडावा लागतो, म्हणून दहा जणांच्या गटाला प्रत्येक ठिकाणी चढताना पंधरा आणि उतरताना पंधरा मिनिटं जास्त धरा. रायरेश्वरचं पठार लांबलचक आहे, म्हणून तिथे माथ्यावर किती चालायचं आणि कुठून मागे फिरायचं, हेही चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवा.